आठव्या रिळाचं झाकण

ती. दादा,

नमस्कार. वाकून करायला माझे गुडघे आता ऐकत नाहीत, तेव्हा उभ्यानेच केला असं समज. तुझी तब्येत कशी आहे, वहिनीचा दमा कसा आहे, सुनेशी पटतं की नाही, हे सगळं विचारलं असं धर. एकोणीस वर्षांत तू माझे गुडघे विचारले नाहीस, म्हणून मीही फार खोलात जात नाही. पत्र पाहून वहिनी म्हणेल, हिचं काहीतरी काम निघालं. तसं काही नाही म्हणून सांग तिला. सहज लिहितेय. चौथीपर्यंतच्या शाळेत जेवढं आलं तेवढ्यातच भागवते. चुका काढत बसू नको, तूही कुठला मोठा मास्तर लागून गेलास.

तर तुझे मेहुणे पडले. (हसू नको, आधी पुढचं वाच.) आमचं थेटर या महिन्याच्या अखेरीला बंद होतंय. मालकाचा मुलगा तिथे गाड्या ठेवायची जागा करणार आहे. पण मुलगा तोंडाने गोड. जुन्या माणसांना म्हणाला, शेवटच्या रविवारी दुपारचा एक खेळ तुमच्या आवडीचा लावा, सगळ्यांना फुकट. दुसऱ्या कोणी मारामारीचा सांगितला असता, रडारडीचा सांगितला असता. यांनी कुठला सांगितला ते तुला मी सांगायला नको. तोच तो डोंगराचा. दोन मित्र, एक दोर, एक शिखर आणि अडीच तास बर्फ. बरं, सांगून गप्प बसावं की नाही? तर दाराशी डोंगर उभा करायचा. का, तर तू इथून गेल्यावर तिकडे तुझ्या नव्या थेटरावर पुठ्ठ्याचा डोंगर केला होतास कापूस चिकटवून, हे यांना कोणीतरी कधीकाळी सांगितलं होतं आणि ते दुखणं यांनी आजवर जपलं. म्हणे, "त्याचा बारा फुटी होता, माझा अठरा फुटी होणार." बांबू आले, प्लायवूड आलं, चुना फासला. वर झेंडा लावायला स्वतः शिडीवर चढले. वय चौसष्ट, एका डोळ्यात मोतीबिंदू. झेंडा लागला बरं का. मग डोंगर खाली आला, शिखर सायकलींवर आणि हे शिखरावर. पाय मोडला. चार जण उचलायला धावले तर पहिला शब्द काय, "त्याला कळवू नका." म्हणजे तुला. मी समोर झाडू घेऊन उभी होते, मला कळलं की नाही याची चौकशी कोणी केली नाही.

आता तू म्हणशील, मूर्ख आहे माणूस. आहेच. पण तूही काही कमी नाहीस, म्हणून जरा आठवण करून देते. वर केबिनमध्ये सिनेमा दाखवायची मशीनं दोन, तुम्ही दोघं. रीळ संपत आलं की पडद्याच्या कोपऱ्यात काळा ठिपका येतो, तो आला की एकाने मशीन बंद करायचं, त्याच क्षणी दुसऱ्याने सुरू करायचं. खाली बसलेल्या माणसाला कळतसुद्धा नसे, इतके तुम्ही एका श्वासात काम करायचात. आदल्या खेळाची रिळं गुंडाळून डब्यात भरायचं काम तुझं, डब्यातून काढून लावायचं यांचं. एकोणीस वर्षांपूर्वी त्या दिवशी हाच डोंगराचा सिनेमा, दुपारचा खेळ, खुर्ची एक रिकामी नाही. (सकाळी मी आठही डबे रॉकेलने पुसून झाकणांसकट लख्ख केले होते. त्याचं कौतुक आजतागायत कोणाच्या तोंडून निघालेलं नाही.) आणि सहाव्या रिळानंतर एकदम आठवंच लागलं. मोठा मित्र एकटा शिखरावर, मेलेल्या धाकट्याच्या नावाने रडतोय, धाकटा मेला कधी ते कोणाला ठाऊक नाही. समाप्तची पाटी आली, लोक उठले, चपला शोधायला लागले, तेवढ्यात सातवं सुरू. धाकटा मस्त विडी ओढत दोर बांधतोय. लोकांनी शिट्ट्या मारल्या. एक म्हातारी भुताला घाबरून देवाचं नाव घ्यायला लागली. मालक वर आला, म्हणाला, चूक कोणाची? तुम्ही दोघांनी एकमेकांकडे बोट दाखवलं, तेही एकाच क्षणी. ठिपका दिसल्यासारखं.

मग तू समाप्तच्या पाटीचं ते आठवं रीळ डब्यासकट उचललंस आणि "आता माझ्यावाचून चढून दाखव वर," म्हणून चालता झालास. दुसऱ्या दिवशी येशील असं मला वाटलं होतं. दोन्ही घरांचा स्वयंपाक केला होता.

तेव्हापासून थेटराच्या दर सुट्टीच्या दिवशी हे रिकाम्या थेटरात उरलेली सात रिळं लावतात. सातव्याच्या शेवटी धाकटा दरीत पडतो आणि पडदा पांढरा होतो. हे त्या पांढऱ्या पडद्याकडे बघत बसतात. मी खुर्च्यांखालून झाडत येते. एकदा मला म्हणाले, "बघ, किती बर्फ आहे." मी झाडू पुढच्या रांगेत नेला. त्या सिनेमात एक बाईसुद्धा आहे, तुला आठवत नसेल. तीनदा दिसते, तिन्ही वेळा हातात किटली. खाली तंबूत बसून राहते. वर काय झालं ते तिला शेवटी कोणी सांगतं की नाही, हे सिनेमा करणाऱ्याला सुचलं नाही आणि तुम्हा दोघांनाही.

असो. सगळं ठीक आहे. काळजी नसावी, तशी तू करत नाहीसच. वहिनीला नमस्कार.

तुझी धाकटी बहीण

ता. क. रीळ घेऊन रविवारी दुपारच्या आत ये. यांना खुर्चीत बसवून वर केबिनमध्ये न्यायला चार माणसं ठरवली आहेत, पण यांना ठिपका दिसत नाही. दुसऱ्या मशीनवर तूच लागशील. तू आला नाहीस तर हे सात रिळं लावतील आणि भरल्या थेटरासमोर पांढऱ्या पडद्याकडे बघत बसतील. ते मला बघवणार नाही.

ता. क. आणखी एक. चूक तुझी नव्हती आणि यांचीही नव्हती. आकडे फक्त झाकणांवर होते. पुसून झाल्यावर शेवटची दोन झाकणं मी हाताला येतील तशी लावली, कारण तुम्ही दोघं चहासाठी ओरडत होतात. मला त्याच दुपारी कळलं होतं. आधी भीतीने बोलले नाही, मग रागाने बोलले नाही, कारण तुमच्यापैकी एकानेही मला विचारलं नाही. डब्यांना माझा हात लागला असेल हे तुमच्या डोक्यातच आलं नाही. यांना अजून सांगितलेलं नाही. खेळ संपला की सांगीन, तेव्हा तू शेजारी असलेला बरा.

ता. क. तुझ्याकडच्या डब्यावर सात लिहिलेलं असेल. आठ लिहिलेला, सातव्या रिळाचा डबा इथे आमच्या पलंगाखाली आहे, यांनी तो तुझ्या चुकीचा पुरावा म्हणून ठेवलाय. तूही तुझा तसाच ठेवला असशील. आहे तसा आण. झाकणं मी बदलीन.