काजळीची शाई

आई, परवा रविवारी मी अखेर त्या मशिदीत जाऊन आले. आपल्या जुन्या घरापासून चालत सात मिनिटांवर, जिथं आधी गालिच्यांचं शोरूम होतं, तीच. इतकी वर्षं मी त्या रस्त्यानं गाडीसुद्धा नेली नाही. रिंग रोडनं लांबचा वळसा घालायचे आणि नवऱ्याला सांगायचे, तिकडे फार ट्रॅफिक असतं. परवा त्यांचा ओपन डे होता. शेजाऱ्यापाजाऱ्यांसाठी चहा-समोसे होते, दाराबाहेर सगळ्यांचं स्वागत आहे असा बोर्ड होता, आणि तो वाचूनही मी दोनदा मागे फिरले. तुला जाऊन चौदा वर्षं झाली. जे तुला समोर बसून सांगायला हवं होतं ते सांगायला मला आता तोंड फुटतंय, तेही कागदावर.

मी दहा वर्षांची आहे. शनिवारची सकाळ आहे, कॉव्हेंट्रीतलं आपलं अरुंद स्वयंपाकघर, आणि टेबलावरचा मिसळणाचा डबा तू खिडकीत सरकवून ठेवला आहेस. आठवडाभर तू मशीन टूल्सच्या कारखान्यात ट्रेसर म्हणून राबायचीस. साहेबलोक पेन्सिलीनं नकाशे काढायचे आणि तुम्ही बायका त्यावर खळ घातलेलं निळसर, आरपार दिसणारं कापड ताणून ते शाईनं गिरवायचात. पुढे कारखान्यात प्लास्टिकची फिल्म आली तेव्हा उरलेल्या कापडाची एक गुंडाळी तू मागून आणलीस. लायब्ररीनं काढून टाकलेल्या पुस्तकांच्या ढिगात तुला एक जाडजूड पुस्तक मिळालं होतं, इस्तंबूलच्या सुलेमानिया मशिदीवरचं. तिथं तू कधी गेली नव्हतीस, पुढेही कधी गेली नाहीस, पण बोलायचीस अशी, की जणू तुझ्या माहेरचंच घर. चारशे वर्षांहून जुनी ती मशीद तू मधोमध कापल्यासारखी, आतबाहेर दिसेल अशी, त्या कापडावर काढत होतीस. एका हाताला शाईची बाटली, एका हाताला निवत चाललेला चहा, आणि मी समोर हनुवटी टेकवून.

तू सांगायचीस, चार दांडग्या खांबांवर हा मोठा घुमट उभा आहे, आणि पुढून-मागून दोन अर्धे घुमट त्याला रेटून धरतात. डाव्या-उजव्या बाजूला तशी सोय नाही, म्हणून तिथं जाडजूड टेकू द्यावे लागले. "पण ते दिसतायत का बघ. अर्धे भिंतीच्या आत घातले, अर्धे बाहेर ठेवले, आणि मधे सज्जे, ओवऱ्या घालून टाकल्या. बघणाऱ्याला वाटतं, शोभेला आहेत." मला त्यातलं निम्मंच कळायचं. आवडायची ती काजळीची गोष्ट. आत तेलाचे शेकडो दिवे जळायचे, त्यांची काजळी भिंतींवरच्या नक्षीवर बसू नये म्हणून बांधणाऱ्यानं वारा असा खेळवला होता की सगळी काजळी मुख्य दारावरच्या एका खोलीत जाऊन जमायची. ती खरवडून तिची शाई करायचे, आणि वळणदार लिहिणारे तीच शाई वापरायचे. "आपण समईवर वाटी धरून काजळ धरतो ना, तसंच गं. फक्त वाटी खोलीएवढी." दिवसभर दुसऱ्यांच्या रेघा गिरवणाऱ्या बाईला ती खोली का आवडत असेल, हे कळायला मला पन्नाशी ओलांडावी लागली.

त्याच सकाळी मी तुझी चूक काढली. पुस्तकात होतं, मिनार चार आणि सज्जे मिळून दहा, कारण तो सुलतान घराण्यातला दहावा, असं सांगतात. उंच दोन मिनारांना तीन-तीन, ठेंगण्या दोघांना दोन-दोन. तू ठेंगण्यालाही तीन काढले होतेस. मला वाटलं आता पाठीत धपाटा बसणार. तू चष्मा वर केलास, पुस्तक पाहिलंस, आणि ब्लेड घेऊन हलक्या हातानं तो सज्जा खरवडून काढलास, मग नखानं ती जागा घासलीस. "कापडावरचं पुसता येत नाही, खरवडावं लागतं. आणि खरवडलेली जागा उजेडासमोर धरली की दिसतेच," असं म्हणून तू ते कापड खिडकीशी धरून मला दाखवलंस. मग खालच्या कोपऱ्यातल्या चौकटीत, कारखान्याच्या नकाशावर असते तशा, 'गिरवणार' पुढे स्वतःची आद्याक्षरं घातलीस आणि 'तपासणार' पुढे माझी. कारखान्यात इतकी वर्षं काढून तुझी अक्षरं त्या दुसऱ्या रकान्यात एकदाही गेली नव्हती. मला तू ती जागा दहाव्या वर्षी दिलीस. मी आठवडाभर शाळेत शेखी मिरवत होते.

आता त्या दुसऱ्या कागदाचं सांगते. तू जाण्याआधी तीन वर्षं, कोपऱ्यावरच्या किराणा दुकानाचे चाचा तुझ्याकडे आले होते. शोरूमची मशीद करायची, वर एक छोटा घुमट बसवायचा, मिनार नाही, भोंगा नाही. पण कौन्सिलच्या लोकांना समजेल असं काही दाखवायला पाहिजे. "बहनजी, आप तो ड्रॉइंगवाली हैं," असं ते म्हणाले, हे तूच मला फोनवर हसत सांगितलंस. म्हणालीस, सुलेमानिया ट्रंकेतून बाहेर काढलीय, छोटा घुमटसुद्धा कसा नीट बसतो ते त्यांना समजावून देणार आहे. म्हणजे मला सगळं माहीत होतं. हे मी मुद्दाम लिहून ठेवतेय, नंतर मलाच पळवाट सापडू नये म्हणून.

त्याच आठवड्यात माझ्या शेजारची बाई हरकतीचं पत्र घेऊन माझ्या दारात आली. चांगली बाई होती, माझ्या बाळंतपणात तिनं सूप आणून दिलं होतं. रस्त्यावरच्या सगळ्यांनी सह्या केल्यात म्हणाली. मग हात माझ्या दंडावर ठेवून म्हणाली, "तुम्ही काही त्यांच्यासारख्या नाही." आणि आई, मला ते आवडलं. हे लिहिताना कान तापलेत, पण आवडलं. चाळीस वर्षं या देशात काढून कुणीतरी मला कुंपणाच्या आत ओढून घेत होतं. मी ते पत्र वाचलं, दोनदा वाचलं. शुक्रवारची पार्किंग, गर्दी, 'परिसराच्या स्वरूपाला न शोभणारा घुमट'. घुमटाची उंची फुटांत एक आणि मीटरमध्ये भलतीच होती. मी तिचं पेन मागून घेतलं आणि ती दुरुस्त करून दिली. तू लावलेली तपासायची खोड मी अशी कामी आणली. मग सही केली. वाटलं, कुठल्यातरी फाइलीत पडून राहील. कौन्सिलकडे गेलेली हरकत कुणालाही वाचायला मिळते, हे इथंच शाळा शिकलेल्या मला ठाऊक नसावं, याला काय म्हणायचं.

मीटिंगच्या दिवशी मी ऑफिसात होते. संध्याकाळी शेजारीण खुशीत सांगायला आली. कमिटीनं मंजुरी दिली ते राहूच दे, पण तिनं छान भाषण केलं होतं. हरकत फक्त आम्हा गोऱ्यांची नाही, इथल्या इंडियन घरांचीही आहे, असं म्हणून तिनं माझं नाव मोठ्यानं वाचून दाखवलं होतं. "त्यांच्या बाजूला एक म्हातारी इंडियन बाई बसली होती," ती म्हणाली, "मांडीवर नकाशे ठेवायची लांब नळी घेऊन. तुमचं नाव ऐकल्यावर ती माझ्याकडे बघतच राहिली." ती म्हातारी कोण हे तिला माहीत नव्हतं, आणि मी सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी तुझ्याकडे आले. तू शेवग्याच्या शेंगांची आमटी केली होतीस. वाढलंस, लोणच्याची बरणी पुढे केलीस, एका शेंगेला तार फार आहे म्हणून ती माझ्या ताटातून काढून घेतलीस. पाठमोरी होऊन भांडी विसळताना म्हणालीस, "सही करण्याआधी कागद नीट वाचत जा बाई." तुला रागावता आलं असतं. तू मला एक दार उघडून दिलंस, की पोरीनं न वाचता सही केली असेल. आणि मी त्या दारातून निमूट बाहेर पडले. म्हटलं, "हो गं, घाईत होते. वाचलंच नाही नीट." नळ चालूच होता. तू "बरं" म्हणालीस. पुढची तीन वर्षं आपण हवापाण्यावर, नातवंडांवर, गुडघ्यांवर बोललो. हॉस्पिटलात शेवटच्या आठवड्यातही मी नुसती तुझी उशी सारखी केली.

परवा आत शिरल्यावर पहिलं तेच दिसलं. जिन्याच्या खिडकीत, दोन काचांमध्ये बसवलेली तुझी सुलेमानिया. पाठीमागून ऊन येत होतं, सगळ्या रेघा काळ्याभोर. ठेंगण्या मिनारावरची ती खरवडलेली जागाही दिसत होती. मी खालच्या कोपऱ्याकडे बघायचं टाळत होते. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते उगाच नाही. तेवढ्यात चहा वाटणारी एक मुलगी शेजारी येऊन उभी राहिली, तिशीची असेल, डोक्याला स्कार्फ. चाचांची नात. तिनं आपणहून सांगितलं, की हे चित्र एका हिंदू आजींनी काढलंय, आजोबा त्यांना फार मानायचे. मीटिंगमध्ये सगळ्यांना दाखवून झाल्यावर आजोबा ते तिथंच मागत होते, पण आजी म्हणाल्या, एक गोष्ट नीट करायची राहिलीय, आणि आठवडाभर घरी ठेवून मगच दिलं.

मग मी पाहिलं. 'तपासणार' पुढची जागा खरवडलेली होती. तिथून ऊन जास्त येत होतं. आणि त्या खरवडलेल्या जागेवर माझी दोन अक्षरं पुन्हा लिहिलेली होती. नव्या शाईची, कडा किंचित पसरलेल्या, तशा खरवडलेल्या कापडावर पसरतातच. म्हणजे तू ती काढून टाकली होतीस आई. आणि मग त्या आठवड्यात कधीतरी, हात थरथरायला लागलेल्या वयात, पुन्हा बाटली उघडून घातली होतीस. मी आमटी खायला येण्याआधी का, माझं खोटं ऐकल्यावर का, ते आता कुणाला विचारू? खोटं ते तुला त्या दिवशीच कळलं असणार. त्या रकान्याला न शोभणारी, सही करून मग हात झटकणारी माणसं तुला कारखान्यात पुष्कळ माहीत होती.

मुलगी म्हणाली, "तुम्ही ओळखत होतात का त्यांना?" मी म्हटलं, "थोडंसं." तिनं काचेवर त्या अक्षरांपाशी बोट ठेवलं. म्हणाली, चित्राखाली पाटी लावायची आहे, आजींचं नाव मिळालंय, पण तपासणारं कोण होतं ते आजोबांना विचारायचं राहून गेलं. तुम्हाला काही कल्पना? मी म्हटलं, "माहीत नाही." तिनं आपला ईमेल एका चिठ्ठीवर लिहून दिला, कधी कुणाकडून कळलं तर कळवा म्हणाली, आणि मला आणखी एक समोसा दिला. मी तो खाल्ला.

ही चार पानं मी एका बैठकीत लिहिली, कारण ती तुला पोचणार नाहीत हे पक्कं ठाऊक आहे. त्या मुलीला दोनच ओळी लिहायच्या आहेत. चिठ्ठी रविवारपासून फ्रिजवर लावलेली आहे. अजून लिहिलेलं नाही.