तिसरा दोर

प्रिय आत्म्या,

रागावू नकोस, हे नाव फादरांचंच. चर्चच्या तीन घंटा आपण तिघं वाजवायचो, तेव्हा ते म्हणायचे, "बाबा पिता, थोरला पुत्र आणि कामाच्या वेळी हमखास गायब तो पवित्र आत्मा!"

माझ्याशी भांडून गेलास, त्याला सहा वर्षं झाली. बाबा या ईस्टरला वारले.

आज त्रैक्याचा रविवार, पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा या तिघांचा सण. चिमण्यांच्या घरट्यांतून वाट काढत एकटाच मनोऱ्यात चढलो, माझा दोर ओढला, आणि तिन्ही घंटा वाजल्या. बाबांचा दोर हलला, ते समजू शकतो. पण तुझाही हलला, नेहमीसारखा अर्धा ठोका उशिरा.

अरे, तू जिवंत आहेस ना?

पत्र पेटीत टाकवत नाही. उत्तर आलं नाही तर?

तुझा,
दादा