बॅरिस्टरचा मोबाईल माझ्याकडे

५ जानेवारी
आजपासून हा मोबाईल माझ्या उशाखाली. मालकीण माझी नात — आमची बॅरिस्टर! शब्दाला शब्द भिडवते म्हणून हे नाव. शाळेची शेवटची परीक्षा दोन महिन्यांवर आली, म्हणून मुलाने तिच्या हातातून काढून घेतला. "आई, तुझ्याकडेच बरा. तुला कुठे वाचता येतं!" घ्या! आयुष्यात पहिल्यांदा माझ्या अडाणीपणाचा कुणाला उपयोग झाला. सुनेने माइकचं चित्र दाबायला शिकवलं. मी बोलते, हा लिहितो. उलट बोलत नाही — या घरात असा हा एकटाच.

११ जानेवारी
शाळेत एक बाई मुलांना श्वास घ्यायला शिकवून गेल्या. ताण उतरतो म्हणे. मी नातीला विचारलं, "पंधरा वर्षं काय करत होतीस मग?" एरवी चार शब्द ऐकवले असते. आज नुसती हसली. तेही माझं मन राखायला.

१९ जानेवारी
शाळा सुटायच्या सुमारास हा रोज टिंग करतो. गोलात दोन वेण्यांची मुलगी दिसते — बॅरिस्टरची मैत्रीण. मोबाईल काढून घेतलाय हे हिला ठाऊक नाही वाटतं! नातीला सांगितलं नाही. परीक्षा होऊ दे.

२ फेब्रुवारी
सराव परीक्षेचे गुण आले. मुलगा ओरडला असता तर परवडलं असतं. "ठीक आहे" म्हणाला, कागदाची घडी घालून परत दिला. पोरगी जेवली नाही. वेणी घालताना फणीत केसांचा पुंजका आला. मी म्हटलं, "टकल्या बॅरिस्टरला कोर्टात घेतात का गं?"
"आजी, गप्प बस ना."
वेणी पुरी केली.

९ फेब्रुवारी
आज लागोपाठ सात टिंग! त्या दोन वेण्यांवर काही संकट तर नाही? नातीला द्यावा तर मुलाला शब्द दिलाय. न द्यावा, तर त्या पोरीचं काय? उद्या खालच्या शिलाईवालीकडून वाचून घेते.

१० फेब्रुवारी
शिलाईवालीने मशीन थांबवलं. वाचलं, माझ्याकडे बघितलं. "आजी, हे तुमच्या नातीने लिहिलंय, मैत्रिणीच्या मोबाईलवरून. आणि तुम्हालाच."
"मला? मला कुठे वाचता येतं!"
"पहिल्याच ओळीत तेच आहे. — आजी, तुला वाचता येत नाही, म्हणून तुलाच सांगते. सकाळी डोळे उघडूच नयेत असं वाटतं."
ती पुढे वाचेना. मी म्हटलं, "वाच. सगळं वाच." तीनदा वाचून घेतलं. तशीच शाळेत गेले, पोरीला घेऊन आले. माझ्या मांडीवर झोपलीय.
मुलगा येईलच आता. त्याच्यासमोर मोबाईल काढणार नाही. पाठ झालंय मला.