वरच्या शेताचा आंबटपणा

९ ऑक्टोबर

मातीचा अहवाल आला. सामू, म्हणजे आंबटपणाचं माप, सात! ना आंबट, ना खारट. इतकं मध्यममार्गी आमच्या घराण्यात तरी दुसरं कोणी नाही. खाली छापलंय, ‘चुन्याची आवश्यकता नाही.’ एकदा मनात वाचला, मग मोठ्याने वाचला. ऐकायला घरात कोणी नाही, पण संस्कृतच्या बाईला मोठ्याने वाचल्याशिवाय अर्थ लागत नाही.

मग जव पिवळा का पडतो? गेल्या वर्षी पडला, त्याच्या आदल्या वर्षीही. शाळेतून मुदतीआधी बाहेर पडून आप्पांच्या या शेतावर आले ती काही पिवळेपणाचा अभ्यास करायला नव्हे. ताईला सांगून टाकलंय की आणखी एक पीक बघते. नाही जमलं तर वरचं शेत झाडांना सोडून देईन, आणि शहरात जाऊन मुलांच्या शिकवण्या घेईन. ताई ‘बरं’ म्हणाली. ताईचं ‘बरं’ हे अव्यय आहे. रूप बदलत नाही, अर्थ आपण लावायचा.

१६ ऑक्टोबर

पेरणी झाली. ट्रॅक्टर भावोजींचा, चालवणारेही तेच. उतारावर वरून खाली, खालून वर. असं नांगरलं की वळायला सोपं जातं म्हणतात.

उतार एकच आहे. आप्पांनी हयात असतानाच मधोमध बांध घालून दिला — वरचं धाकटीला, खालचं थोरलीला. खालची माती काळी आणि भरदार. वरची म्हणजे कातडी. मी तेव्हा शहरात होते, मला काय फरक पडणार होता! आता पडतो. पण ते बोलायचं नाही. मी बोलले नाही, तीही बोलली नाही, आणि त्या न बोललेल्या गोष्टीवर आम्ही रोज चहा पितो.

चहा तिच्याकडेच. गोठ्यामागे तिचा तो मातीचा ढीग अजून तसाच. वर गवत, गवतावर भोपळ्याचा वेल. मी त्याला मंदराचल म्हणते. कधी समुद्र घुसळायची वेळ आली तर रवी तयार असावी! दर वर्षी शेताच्या खालच्या चरात गाळ साचतो, तो काढून ताई तिथे टाकते. भावोजींना तिथे ट्रॅक्टरला शेड बांधायचीय. आज पुन्हा कुरकुरले, “हिला विचारा, हा डोंगर कशासाठी राखलाय.” मी विचारलं. ताई म्हणाली, भोपळे चांगले येतात.

२ डिसेंबर

वरून पिवळा पडायला लागला. मुळं उपटून पाहिली. आखूड, जाड, टोकाला तपकिरी. संस्कृतात त्याला यव म्हणतात, पण पिवळा दोन्ही भाषांत सारखाच दिसतो.

युरिया टाकला. गेल्या वर्षीपेक्षा जास्त.

५ डिसेंबर

ताई वर आली! गुडघ्यांमुळे ती चढ चढत नाही, त्यामुळे ही राजभेटच म्हणायची. रोपं बघितली. मग विचारलं, तपासायला माती कुठली काढलीस? मी झाडाखालची जागा दाखवली, जिथे सपाट दगड आहे. सावली होती, बसायला बरं होतं, आणि खुरपं लगेच आत जात होतं.

ताई दगडावर बसली आणि हसायला लागली. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मग सांगितलं.

आप्पांची राखणीची खोप तिथेच होती. कणसं भरली की आप्पा तिथे मुक्कामाला, चूल तिथेच, आणि चुलीची राख रोज त्या दगडामागे. आप्पांच्या आधी आजोबा. “तू शेत नाही तपासलंस गं, पंडितीण,” ती म्हणाली, “तू चूल तपासलीस.”

राखेनं आंबटपणा मरतो हे मलाही ठाऊक आहे. म्हणजे त्या एका दगडामागे पिढ्यान्‌पिढ्यांची राख घातलेली माती, आणि तीच मी उचलून साऱ्या शेताची साक्षीदार म्हणून पाठवली. शाळेत एका हुशार मुलाच्या वहीवरून वर्गाचा निकाल लावला असता तर मुख्याध्यापकांनी मला घरी पाठवलं असतं.

१८ डिसेंबर

या वेळी नीट केलं. वरून, मधून, खालून, नागमोडी चालत ठिकठिकाणची माती घेतली आणि वरची-खालची वेगळी ठेवली. सामू पाचाच्याही खाली. सगळ्यात वरच्या पट्ट्यात सगळ्यात वाईट.

माती तपासणाऱ्या बाई तरुण आहेत, चष्मा कपाळावर ठेवून बोलतात. त्या म्हणाल्या की इतक्या आंबट जमिनीत मुळं वाढतच नाहीत, मग खत टाका नाहीतर टाकू नका. शिवाय युरियाने ती आणखी आंबट होत जाते. म्हणजे पोटात जळजळ होणाऱ्या माणसाला मी लिंबू पिळून देत होते, आणि त्याला बरं वाटेना म्हणून आणखी एक लिंबू!

चुना उभ्या पिकात टाकून उपयोग नाही. पेरणीच्या बऱ्याच आधी टाकून मातीत मिसळायचा. हे पीक तर गेलं.

ताईला म्हटलं, हे पीक मोजायचं नाही, हे अज्ञानात गेलं. आणखी एक. ताई म्हणाली, “बरं.”

२० मार्च

मळणी झाली. म्हणजे, झाली म्हणायचं.

११ जून

चुनखडीची भुकटी पसरली. नाकातोंडात गेली, केस पांढरे झाले. ताई म्हणाली, आता वयाला शोभतेस.

भावोजींशी नांगरटीवरून वाद. मला आडवं नांगरून हवं होतं, उताराला छेद देत. सऱ्या आडव्या असल्या की पाणी अडतं, माती थांबते, चुनाही थांबतो. ते म्हणाले, ट्रॅक्टर कलंडला तर तुम्ही श्लोक म्हणाल, पण सरळ कोण करणार? मी म्हटलं, खालच्या सौम्य भागात तरी आडवं करा. तेवढं केलं. वरच्या कडेला मात्र जुन्याच पद्धतीने, उभं.

१९ जून

रात्रभर पाऊस. सकाळी वरच्या कडेपासून बांध ओलांडून ताईच्या शेतापर्यंत पांढरा ओघळ. जिथे उभं नांगरलं तिथेच! आडव्या भागातला चुना जागेवर.

ताई अंगणातून ओरडली, “डोंगराला भांग पाडलास की!” मग हळूच म्हणाली, तुझा चुना माझ्याकडे आला, आता परत मागू नकोस.

थट्टाच होती. पण मला ती दिवसभर पुरली.

भावोजी संध्याकाळी आले, ओघळ बघून गेले. दुसऱ्या खेपेला बैलजोडी मागून घेऊ म्हणाले. ही त्यांची माफी.

२७ जुलै

उताराला आडव्या रेघा आखून गवताच्या ओळी लावल्या. उरलेला चुना बैलांच्या नांगरटीबरोबर मिसळला. शेणखत ताईकडून. पाठ मोडली. शरीर हे आद्य धर्मसाधन वगैरे मी मुलांना शिकवत असे. तेव्हा ते शरीर खुर्चीवर असायचं.

३ ऑक्टोबर

पुन्हा तपासणी. मधला आणि खालचा भाग सुधारला. चांगलाच सुधारला! कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर आला आणि बाई हसल्या.

वरच्या पट्ट्याचं मात्र त्यांनी पुडकं उघडून दाखवलं. नुसती खडी. त्या म्हणाल्या, इथला प्रश्न आता आंबटपणाचा नाही. इथे मातीच नाही. चुना, खत, पाणी, काहीही दिलंत तरी धरून ठेवायला काही तरी लागतं ना? आणि वरून पाणी सुसाट सुटलं की खालचं केलेलंही एक-दोन वर्षांत धुऊन नेईल. डोकं उघडं ठेवून पायांत मोजे घालण्यासारखं आहे.

मग त्यांनी विचारलं, पूर्वी इथे धान्य कसं यायचं?

मला उत्तर माहीत होतं. दिलं नाही.

४ ऑक्टोबर

आप्पा पेरणीआधी खालच्या चरातली माती उकरायचे. वर्षभर उतरून आलेली. आम्ही सगळे ती घमेल्यांतून वर न्यायचो आणि वरच्या कडेला पसरायचो. ताई पुढे, मी मागे. मी निम्मं सांडायची, ताई मागे वळून म्हणायची, माती तुझ्यापेक्षा लवकर घरी जाते. दर वर्षी डोंगर खाली यायचा, दर वर्षी आम्ही तो वर न्यायचो. इतकी साधी गोष्ट की कुठल्या पुस्तकात मी ती वाचलेली नाही.

वाटणी झाली आणि खालचा चर ताईचा झाला. बांधाखालची माती बांधाखालच्याची. कोणी तसं म्हटलं नाही, फक्त घमेली थांबली.

आता मागायची म्हणजे काय म्हणायचं? ‘ताई, तुझ्या शेतातली माती दे’? म्हणजेच वाटणी चुकली असं म्हणायचं. आप्पा चुकले, आणि तू इतकी वर्षं गप्प बसून चांगलं खात आलीस, असं. माझ्याकडे शब्दांची कमतरता नाही, पण हे नेमकं कुठल्या विभक्तीत बोलायचं ते कळत नाही.

११ ऑक्टोबर

ठरवलं. रोपवाटिकेवाल्याला निरोप दिला, झाडांची रोपं बघायला येते म्हणून.

संध्याकाळी ताईला सांगितलं. वरचा पट्टा उघडा, तो झाकता येत नाही, तो उघडा राहिला तर खालचंही टिकणार नाही. म्हणून सगळंच झाडांना. कारणं क्रमाने दिली, वर्गात देते तशी. माती कमी आहे, एवढंच म्हटलं. कुठे गेली ते म्हटलं नाही.

ताई चूल फुंकत होती. म्हणाली, “एवढंच सांगायला आलीस?”

“एवढंच.”

“बरं. चहा घे.”

भावोजी काही तरी बोलणार होते. तिने त्यांच्याकडे पाहिलं आणि त्यांनी कपात पाहिलं.

१२ ऑक्टोबर

उठले ती ट्रॅक्टरच्या आवाजाने. ट्रॉली वरच्या कडेला उभी, भरलेली. काळी माती, आत गवताची मुळं, एक अर्धवट भोपळा. भावोजी म्हणाले, “दर वर्षी विचारतोय, ही वर कधी न्यायची. ही म्हणते, तिची आहे, ती मागेल तेव्हा.”

ट्रॉलीमागे ताई. गुडघ्यांसकट सगळा चढ चढून आलेली, धाप लागलेली. एवढंच म्हणाली, “वाट बघून थकले गं. धर घमेलं.”