साठाच्या अलीकडची सुई

३ मार्च

सुई थरथरली! आठवडाभर डोकं खाल्लं होतं तिने. खेळातली गाडी सुसाट, आणि स्पीडोमीटरची सुई मात्र इस्त्री केल्यासारखी ताठ. शेवटी बाबांनाच विचारलं. एकतीस वर्षं बस चालवलेला माणूस! म्हणाले, सुई वेगाच्या जरा मागून येते, आणि आल्यावरही लगेच स्वस्थ बसत नाही. तेवढंच कोडमध्ये घातलं. आमचे 'आजच' साहेब (सगळी कामं त्यांना आजच हवी असतात) चक्क हसले.

४ मार्च

खेळ बाबांच्या लॅपटॉपवर टाकून दिला. त्यांनीच मागितला. डिसेंबरात मेंदूला झटका आल्यापासून घरात बसून आहेत. हातपाय ताळ्यावर आलेत, चष्म्याचा नंबरही तोच आहे. सोळा तारखेला लायसन्सची चाचणी. गाडीची किल्ली रोज पुसून ठेवतात! त्यांना पुन्हा गाडी चालवताना बघायचंय, बाकी काही नको मला.

५ मार्च

बाबांचा ऑफिसात फोन — सुई साठाच्या आधी दिसतच नाही म्हणे. घरी येऊन पाहिलं तर शून्यापासून व्यवस्थित.

६ मार्च

पुन्हा तेच! बाबांनी पाहिलं की बिघाड, मी पाहिलं की नाही. सगळा कोड उसवला. साहेबांची बोलणी खाल्ली. बाबांना म्हटलं, चूक माझीच आहे, शोधते. एकदम खुलले, दोन पोळ्या जास्त खाल्ल्या. ताटातली डावीकडची भाजी मात्र तशीच. आवडली नाही का विचारलं, तर म्हणाले, "भाजी होती?"

मी हसले. मूर्ख!

७ मार्च

आज शेजारी बसून पाहिलं. तबकडी पडद्याच्या खाली, मधोमध. शून्य डावीकडे, साठ बरोबर वर, एकशेवीस उजवीकडे. गाडी तीसवर. सुई माझ्या डोळ्यांसमोर थरथरतेय.

"बघ, नाहीये ना?" — बाबा. पडद्याकडे नाही, माझ्या तोंडाकडे बघत होते.

मी म्हटलं, हो, नाहीये.

८ मार्च

त्यांना न सांगता तबकडी उलटी केली. शून्य उजवीकडे, एकशेवीस डावीकडे. देवा, काहीच फरक पडू नये, असं म्हणत त्यांच्यापुढे ठेवली.

"आता शून्यापासून दिसते," म्हणाले. मग थोड्या वेळाने, हळूच, "साठाच्या पुढे मात्र गेली."

चहाचं निमित्त करून स्वयंपाकघरात गेले. नळ मोठा सोडला आणि रडले.

९ मार्च

सांगायची हिंमत नाही. दिवसभर सुईचा रंग बदलत बसले.

१० मार्च

डॉक्टरांना फोन केला. बाबांच्या पाठीमागे. घरभेदी म्हणतात ते असंच असणार.

१२ मार्च

डॉक्टरांनी बाबांना समोर बघायला सांगितलं आणि बाजूंनी बोटं हलवली. उजवीकडची सगळी मोजली. डावीकडे बाबा गप्प. एक डोळा झाकला, मग दुसरा, तरी तेच. डोळे ठणठणीत आहेत, मेंदूच डावी बाजू बघत नाही म्हणाले. सुधारेल याची खात्री नाही. चाचणी रद्द, गाडी बंद.

परतताना टॅक्सीत बाबा एवढंच म्हणाले, "तू फोन केलास." हो म्हटलं. खोटं कशाला बोलायचं?

१३ मार्च

बोलत नाहीत. किल्ली माझ्या कीबोर्डवर आणून ठेवली. पुसलेली.

१४ मार्च

साहेबांनी सगळ्यांसमोर कौतुक केलं — सुई अगदी खऱ्या गाडीतली वाटते! टाळ्या वाजल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. घरी सांगितलं. बाबांनी मानसुद्धा वळवली नाही.

१६ मार्च

चाचणीचा दिवस. बाबा सकाळीच दाढी करून तयार. डावा गाल तसाच. दारात बूट चढवत, चार दिवसांनी बोलले.

"फेब्रुवारीत तू ऑफिसात असताना एकदा गाडी काढली होती. डावीकडून शाळेची मुलं आली. दिसलीच नाहीत. हातभर अंतरावरून वाचली. म्हणून तुझा खेळ मागितला, स्वतःला तपासायला." मग म्हणाले, "तू सुईतच चूक शोधत होतीस ना, तोवर बरं वाटत होतं."

मग पायरीवर थांबले. "भाजी आणू. तू डावीकडून चाल."

त्यांचा डावा हात धरून बाजारापर्यंत चालले.