चेंदवणकर काकूंच्या उरलेल्या गोळ्या

मृणाल,

आपल्या मजल्यावर माणुसकी अजून जिवंत आहे. अण्णांचा घसा बसलेला ऐकून चेंदवणकर काकूंनी स्वतःच्या दाढेच्या उरलेल्या अँटिबायोटिक गोळ्या त्यांना दिल्या. गोळ्या पेनिसिलिनच्या, आणि ते आपल्याला चालत नाही हे तुझ्या वडिलांना माहीत होतं, पण ‘प्रेमाने दिलंय, नाही कसं म्हणायचं?’ म्हणत घेतल्या. तोंड सुजलं, श्वास अडकला. ऑक्सिजन लावलाय. वाचतील ना विचारलं, तर डॉक्टर ‘बघू’ म्हणाले.

तुझा फोन लागत नाही. ॲलर्जीची जुनी फाईल न्यायला घरी आलो होतो. तू थेट परळला हॉस्पिटलात ये. काकूंना काही बोलू नकोस, जिन्यात बसून रडतायत.

घशाला जंतुसंसर्ग नव्हताच. काल शिवाजी पार्कात दुसऱ्यांच्या पोरांना बॅटिंग शिकवताना ओरडून घसा बसला होता.

— सुहास