पंख्याचं तोंड वर

रविवार, १३ एप्रिल २०२५
अनुजाचा कॉम्प्युटर मीच जोडणार. ठरलं. पोरगी इंटिरियरची थ्रीडी चित्रं करते. आजवर दुसऱ्याच्या ऑफिसात करायची, आता घरातून, स्वतःचं. पहिलंच काम एका हॉटेलचं मिळालंय, सहा मेपर्यंत द्यायचं. सुटे भाग राजारामपुरीत विश्वजितच्या दुकानातून आणले. तो म्हणाला, काका, जोडूनच न्या की, तासाभराचं काम हाय. मी म्हटलं, सत्तावीस वर्षं फाउंड्रीत भट्टीचा ब्लोअर सांभाळलाय. हवा कुठनं शिरती न् कुठनं निघती, ते मला सांगू नका. त्यानं बिल फाडलं.

सोमवार, १४ एप्रिल
कॅबिनेट लहान. तेलाच्या डब्यापेक्षा थोडं मोठं. पॉवर सप्लाय तळाला बसतो, त्याला स्वतःचा पंखा. पुस्तिकेतल्या चित्रात पंख्याचं तोंड खाली, जाळीकडं. जमिनीकडं तोंड करून धूळच खाणार की तो. मी वर केलं. आतली गरम हवा ओढेल, मागनं टाकेल. एका पंख्यात दोन कामं. खालची जाळी चिकटपट्टीनं बंद केली. पुढचा पंखाही फिरवून बाहेर फेकणारा केला.
सौ.नं विचारलं, सगळेच बाहेर फेकायला लागले तर आत हवा येणार कुठनं? तिला फिजिक्स नव्हतं.

गुरुवार, १७ एप्रिल
चालू झाला. अनुजा म्हणाली, भारी पप्पा. विश्वजितला फोटो पाठवला. उत्तर आलं: काका, पंखा खाली करा, वर ग्राफिक्स कार्ड हाय, दोघंबी एकाच बोटभर फटीतनं हवा ओढत्यात.
पंखा होता तसाच ठेवला. फाउंड्रीत पण असंच झालं. काल आलेल्या डिप्लोमावाल्याला फोरमन केलं, आणि मला सांगितलं, तुम्ही अनुभवी आहात, त्याला सांभाळून घ्या.

मंगळवार, २२ एप्रिल, दुपारी ३
काम करता करता आपोआप बंद पडला. अनुजा म्हणाली, हात लावून बघा पप्पा, तवा झालाय. व्होल्टेजचा प्रॉब्लेम. स्टॅबिलायझर आणला.

बुधवार
परत बंद. स्टॅबिलायझर हलक्या प्रतीचा असणार.

शनिवार, २६ एप्रिल
उपाय सापडला. कॅबिनेटची एक बाजू काढून टाकली, समोर टेबल फॅन. ही तात्पुरती सोय नव्हे, सुधारणा आहे. घरात टेबल फॅन एकच. सौ. स्वयंपाकघरात पदरानं वारा घेत होती. मुद्दाम, मला दिसेल असं.

मंगळवार, २९ एप्रिल
फॅन लावून पण दोनदा बंद. अनुजानं शांतपणे विचारलं, पप्पा, विश्वजितकडं नेऊ का? तुमचं चुकलं म्हणत न्हाय मी, फक्त काम व्हायला पाहिजे.
मी म्हटलं, नेलंस तर माझ्याशी बोलू नकोस.
नेला नाही. बापाचा मान ठेवला. पोरगी शहाणी आहे.

सोमवार, ५ मे
हॉटेलचा शेवटचा व्हिडिओ सकाळी मशीनवर तयार व्हायला लावलेला. पाच तास चालला. जेवायला बसलो आणि खोलीतला आवाज थांबला. फाइल उघडेना. अनुजानं हात धुतले, परत लावला. परत बंद. रडली नाही. रडली असती तर समजूत काढता आली असती.

मंगळवार, ६ मे
हॉटेलवाल्याचा फोन. अनुजानं दोन दिवस मागितले. तो म्हणाला, मॅडम, आम्ही दुसरीकडं देतो.
मी तिला म्हटलं, असला माणूस पुढं त्रासच देणार होता, बरं झालं. ती उठून आत गेली.

बुधवार, ७ मे
मंडईतून आलो तर कॅबिनेट जागेवर नाही. मायलेकी रिक्षानं विश्वजितकडं घेऊन गेलेल्या. तासाभरात परत. पॉवर सप्लाय उलटा केलाय, चिकटपट्टी काढलीय, पुढचा पंखा आत हवा घेतोय. सगळी झाकणं लावून दिवसभर चालला. मी हात लावून बघितला. गार.
प्रोसेसरवर उष्णता ओढणारी नवी पेस्ट लावली असणार. फरक पेस्टचाच.
विश्वजित काय म्हणाला, विचारलं. सौ. म्हणाली, काय न्हाय म्हणाला. चहा दिला त्यानं.

गुरुवार, २२ मे
अनुजाला पुण्यात नोकरी. मला सौ.कडून कळलं. मी म्हटलं, घरात एवढं चांगलं मशीन असताना? सौ. भाजी निवडत राहिली.

सोमवार, २ जून
स्टँडवर सोडलं. आईला म्हणाली, गोळ्या वेळेवर घे. मला म्हणाली, उन्हात थांबू नका. मशीन नेलं नाही. तिकडं ऑफिसचं आहे म्हणे.
दुपारी चालू केलं. पासवर्ड मागतंय. सौ.ला विचारलं. म्हणाली, मला म्हायती हाय. पण तुम्ही फोन करून तिलाच विचारा.
उद्या विचारतो. ती पण वाटच बघत असणार.

सोमवार, ९ जून
विचारलं नाही.